बारवरचा आकडा नेमका कोणासाठी असतो?

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या पैशाचा आहे.

फेब्रुवारी-मार्च आला की आपल्याकडे अर्थसंकल्पांचा हंगाम सुरू होतो. केंद्र, राज्य, महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, सगळ्यांचे आकडे एकापाठोपाठ येऊन आदळतात. मी या पेजवर दरवर्षी आपल्या भागातल्या संस्थांचे आकडे मांडतो, त्यामुळे हे कागद माझ्या नजरेखालून जातात. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवी गोष्ट दिसायला लागली आहे. तक्त्यात प्रत्येक खात्याच्या ओळीत एक आडवा रंगीत बार असतो. त्याचे तीन-चार तुकडे: पगार, देखभाल, नवी कामं, कर्जफेड. प्रत्येक तुकड्यावर एक बारीक आकडा. शाळेत याला विभाजित स्तंभालेख म्हणतात, ऑफिसात सगळे ‘स्टॅक्ड बार’ म्हणतात.

दिसायला छान. वाचायला गेलं की पंचाईत. एका तुकड्यावर ‘३४७५००००’ असे सलग आठ अंक, स्वल्पविराम नाही. शेजारी ‘०’. त्याच्या शेजारी पुन्हा ‘०’, आणि दोन्ही शून्यं एकमेकांवर चढलेली. पलीकडे ‘३३.३३३३३३’. खाली कुठेतरी ‘१.२’, पण एक पूर्णांक दोन काय? लाख, कोटी, की टक्के? एका नगरपालिकेच्या पुस्तिकेत पूर्ण पानावर एककच लिहिलेलं नव्हतं. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “अहो साहेब, तेवढं समजून घ्या की.”

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘तेवढं’ समजून घ्यायचं नसतं, ते लिहायचं असतं. बारवरचा आकडा ही सजावट नाही. ती चित्र काढणाऱ्याने वाचणाऱ्याला दिलेली पावती आहे. आणि हे काही मी आज काढलेलं खूळ नाही. या आकड्याला सव्वादोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यात आपल्या मराठी माणसांचाही वाटा आहे.

चित्रावर विश्वास का ठेवायचा?

सुरुवात १७८६ सालच्या लंडनमध्ये. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने इंग्लंडच्या व्यापाराचा एक नकाशासंग्रह काढला. नकाशे देशांचे नव्हते, आकड्यांचे होते. त्यात ४४ आलेख होते. त्यातले ४३ काळानुसार चढणाऱ्या-उतरणाऱ्या रेषांचे आणि फक्त एक बारचा. तो एक बारसुद्धा नाइलाजाने आलेला. स्कॉटलंडच्या व्यापाराची त्याच्याकडे एकाच वर्षाची माहिती होती, ख्रिसमस १७८० ते ख्रिसमस १७८१. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने १७ ठिकाणांशी झालेली आयात आणि निर्यात आडव्या पट्ट्यांनी दाखवली. आज जगभरच्या ऑफिसांत रोज जो आलेख निघतो, त्याचा एक मूळपुरुष असा माहिती अपुरी पडली म्हणून जन्माला आला.

हा प्लेफेअर आधी जेम्स वॉटकडे आरेखक म्हणून नोकरीला होता. वाफेच्या इंजिनवाला वॉट तोच. पुस्तकाच्या वेळी वॉटने त्याला पत्रातून एक सल्ला दिला. त्याचा आशय असा: आलेखांसोबत ज्या तक्त्यांवरून ते काढले ते तक्तेही छापावेत, कारण नुसते आलेख तुझ्या एकट्याच्या शब्दावर उभे आहेत, आणि ही माहिती आणली कुठून असं लोक विचारणारच.

म्हणजे बारचा जन्म झाला त्याच वेळी त्याच्यासोबत आकड्याची मागणीही जन्माला आली. चित्र नजर वेधतं, पण त्याचा पुरावा आकडा देतो. तक्ता आणि आलेख शेजारी असायला हवेत हा विचार एक्सेलच्या दोनशे वर्षं आधीचा आहे.

बारचे तुकडे पडले

आता फ्रान्समध्ये. शार्ल मिनार हा तिथल्या सरकारी पूल-रस्ते खात्यातला अभियंता. कालवे, रस्ते, पुढे रेल्वे, हा त्याचा विषय. १८४४ मध्ये त्याने एका कालव्यावरच्या मालवाहतुकीचा आलेख काढला. त्यात बारची रुंदी म्हणजे कालव्याच्या त्या टप्प्याचं अंतर आणि उंची म्हणजे मालाचं प्रमाण. प्रत्येक बार मालाच्या प्रकाराप्रमाणे तुकड्यांमध्ये विभागलेला. उंची गुणिले रुंदी केलं की किती माल किती दूर गेला ते क्षेत्रफळातच दिसतं. आजच्या स्टॅक्ड बारचा हा अगदी सुरुवातीचा नमुना.

मिनारचं दुसरं चित्र जास्त प्रसिद्ध आहे. नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया स्वारीचा त्याने १८६९ मध्ये काढलेला नकाशा. सैन्याची संख्या पट्ट्याच्या जाडीने दाखवली आहे, एका मिलिमीटरला दहा हजार माणसं. जाताना ४,२२,००० माणसांचा जाड पट्टा, परत येताना १०,००० माणसांची बारीक रेघ. लोक त्या जाडीचं कौतुक करतात. मला त्यात दुसरंच आवडतं. मिनार जाडी दाखवून थांबला नाही. त्याने पट्ट्यावर जागोजागी माणसांची संख्या आडवी लिहिली, आणि मिलिमीटरला किती माणसं हेही नकाशावरच सांगितलं. डोळ्याला अंदाज यावा म्हणून जाडी, आणि अंदाजावर भागू नये म्हणून आकडा. त्या पट्ट्यांवरचा आकडा कमी होतो म्हणजे माणसं मेली. तिथे ‘तेवढं समजून घ्या’ चालत नाही.

आपल्याकडे: एककाच्या आड लपलेली शिल्लक

आता आपल्याकडे येऊ. इथे आलेख नव्हते, नुसते तक्ते होते. पण आकड्याशेजारी काय लिहिलं आहे यावरून केवढं राजकारण होऊ शकतं याचा उत्तम धडा आपल्याच इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकातले हिंदुस्थान सरकारचे हिशेब बघितले तर आकड्याआधी ‘आरएक्स’ असं एक चमत्कारिक चिन्ह दिसतं. त्याचा अर्थ दहा रुपये. ‘आरएक्स १००’ म्हणजे हजार रुपये. ही भानगड कशासाठी? तर एके काळी रुपया साधारण दोन शिलिंगांचा होता, म्हणजे दहा रुपयांचा एक पौंड. दहा-दहाच्या गठ्ठ्यात हिशेब लिहिला की लंडनमध्ये बसलेल्या वाचकाला तो पौंडासारखा वाचता येई. पुढे चांदी स्वस्त झाली, रुपया घसरत गेला, दहा रुपयांना पौंड मिळेनासा झाला. तरी दहाचा गठ्ठा कागदावर राहिला. हिशेब आपल्या पैशाचा, पण आकड्याचा साचा दूरच्या वाचकाच्या सोयीचा.

रुपया १३ पेन्सच्या आसपास खाली गेला, आणि मग सरकारी उपायांनी वर आणून १८९९ मध्ये १६ पेन्सवर पक्का केला गेला. पौंडात २४० पेन्स. १३ पेन्सच्या दराने १०० पौंडांना सुमारे १,८४६ रुपये पडायचे, १६ पेन्सच्या दराने फक्त १,५००. हिंदुस्थानला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठा खर्च पौंडात भागवावा लागे: कर्जाचं व्याज, पेन्शनी, लंडनच्या कचेरीचा खर्च. रुपया महाग झाल्याबरोबर तो खर्च रुपयांत आपोआप कमी झाला. पण रुपया स्वस्त असताना तूट भरून काढायला वाढवलेले कर तसेच चालू राहिले. मिठावरचा कर १८८८ मध्ये मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता, तोही तसाच. परिणाम काय? सरकारी तक्त्यात वर्षामागून वर्षं शिल्लक दिसू लागली. आणि ती कधी, तर १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांच्या आगेमागे! कागद वाचणाऱ्याला वाटावं, देश काय भरभराटीला आलाय.

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. तिथलं त्यांचं ते पहिलं अर्थसंकल्पी भाषण. तिथे मतदानाचा अधिकार नव्हता. १८९२ च्या कायद्याने फक्त चर्चा करायची मुभा दिली होती. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि त्यातून रुपयाच्या दराचा हिस्सा वेगळा काढून दाखवला. शिल्लक खरी आहे, पण ती लोकांच्या सुबत्तेतून आलेली नाही, रुपयाची किंमत वाढली आणि कर तेच राहिले म्हणून आली आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. आजच्या भाषेत सांगायचं तर सरकारने एकाच रंगात रंगवलेल्या बारचे त्यांनी तुकडे करून दाखवले आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचं खरं नाव लिहिलं.

या कामामागे आणखी एक माणूस होता, ज्याचं नाव आज फार थोड्यांना आठवतं. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी. पेशाने सरकारी शाळेतले शिक्षक, सोलापूरला हेडमास्तर होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात सरकारी जमाखर्चावर लिहायचे. गोखल्यांना आकड्यांची शिदोरी यांच्याकडून मिळे. ना कॉम्प्युटर, ना कॅल्क्युलेटर. शाळा सांभाळून हा माणूस सरकारी तक्त्यांचे रकाने पिंजून काढायचा.

पुढे १९०३ मध्ये मिठाचा कर मणाला दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर, १९०७ मध्ये एक रुपयावर. प्राप्तिकराची किमान मर्यादाही १९०३ मध्ये ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. एका भाषणाने हे सगळं झालं असं म्हणणं बरोबर नाही. त्यामागे अनेक वर्षांची मागणी होती. पण त्या मागणीला जोर यायला आकडा नीट वाचला जाणं गरजेचं होतं, आणि ते काम सोलापूरच्या एका मास्तरने आणि पुण्याच्या एका प्राध्यापकाने केलं. म्हणून म्हणतो, एकक ही क्षुल्लक बाब नाही.

नियम लिहिले गेले ते १९१५ मध्ये

त्याच सुमारास अमेरिकेत कारखाने, रेल्वे कंपन्या, नगरपालिका सगळेच आलेख काढायला लागले होते. जो तो आपल्या मनाने. विलार्ड ब्रिंटन या अभियंत्याने १९१४ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्याच्याच अध्यक्षतेखाली अनेक शास्त्रीय संस्थांच्या प्रतिनिधींची एक समिती बसली आणि १९१५ मध्ये तिने १७ साधे नियम दिले. त्यातले दोन आपल्या कामाचे. एक, आलेखावरची अक्षरं आणि आकडे असे ठेवा की कागदाच्या खालच्या किंवा उजव्या बाजूने सहज वाचता येतील. दोन, मूळ आकडे शक्यतो आलेखातच द्या, आणि नाही देता आले तर सोबत तक्ता जोडा.

वॉटचा सल्ला १९१५ मध्ये नियम झाला. आणि आपण आज एकविसाव्या शतकात मान वाकडी करून तिरपे आकडे वाचतोय!

मधला तुकडा डोळ्याला फसवतो

इथे कोणी म्हणेल, बार लांब-आखूड दिसतोच की, आकडा कशाला? याचं उत्तर १९८४ मध्ये मिळालं. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन संशोधकांनी लोकांना वेगवेगळे आलेख दाखवून अंदाज करायला सांगितले. एकाच रेषेवरून निघणाऱ्या बारची तुलना माणूस बऱ्यापैकी अचूक करतो. पण रचलेल्या बारमधल्या मधल्या तुकड्यांची तुलना करताना अंदाज जास्त चुकतात. कारण उघड आहे. पहिला तुकडा प्रत्येक ओळीत एकाच रेषेवरून सुरू होतो. दुसरा, तिसरा, चौथा तुकडा आधीच्या तुकड्याने जिथे सोडलं तिथून. सुरुवातच सरकलेली, मग लांबी कशी तोलणार?

आता आपल्या तक्त्याकडे बघा. पहिला तुकडा बहुतेक वेळा पगाराचा. तो नीट दिसतो. पाणी, गटारं, दवाखाना, शाळा दुरुस्ती, ज्यावर आपण वॉर्डात भांडतो ते सगळे मधले तुकडे. म्हणजे जिथे डोळा सर्वात कमी भरवशाचा, तिथेच आकडा सर्वात जास्त हवा. आणि तिथेच तो एकमेकांवर चढलेला किंवा गायब असतो.

स्वल्पविराम कुठे द्यायचा?

आपली मोजणी हजारानंतर दोन-दोन घरांनी चालते. हजार-दहा हजार, लाख-दहा लाख, कोटी-दहा कोटी. ही नावं जुनी आहेत. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त सहस्र, लक्ष, कोटीपासून थेट परार्धापर्यंत स्थानांची नावं दिलेली आहेत. म्हणून आपला स्वल्पविराम आधी तीन अंकांनी आणि मग दोन-दोन अंकांनी पडतो: ३,४७,५०,०००. वाचताच तोंडून येतं, तीन कोटी सत्तेचाळीस लाख पन्नास हजार.

हिशेब लिहायची पद्धत बदलणं आपल्याला नवीन नाही. जुन्या वहीत पाव, अर्धा, पाऊण उभ्या दांड्यांनी लिहीत. रुपया-आणा-पैचे तीन रकाने असत: १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि १ जून १९६४ पासून ‘नवे’ गळून नुसते पैसे राहिले. सगळ्या देशाने खतावण्या बदलल्या. पण लाख-कोटी कोणी बदलले नाहीत, कारण लोक त्यातच विचार करतात.

मग कॉम्प्युटर आला. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क, १९८३ मध्ये लोटस १-२-३, १९८५ मध्ये मॅकवर एक्सेल आणि १९८७ मध्ये विंडोजवर. सगळी अमेरिकेत घडलेली. त्यांचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी: ३४,७५०,०००. त्यांचं संक्षिप्त रूप हजार आणि मिलियन. २००७ च्या एक्सेलमध्ये तक्त्याच्या घरातच बार काढायची सोय आली, २०१० मध्ये स्पार्कलाइन नावाचे चिमुकले आलेख आले. तक्ता आणि चित्र एका ओळीत आले, वॉटला आनंद झाला असता. पण आकड्याचा साचा मात्र पुन्हा दूरच्या वाचकाचा. ‘३४.७५ मिलियन’ वाचून आपल्या गावातला माणूस काय समजणार? आरएक्सचीच गोष्ट नव्या कपड्यात.

फरक एवढाच की या वेळी कोणी लादलेलं नाही. दुरुस्ती आपल्या हातात आहे आणि ती फुकट आहे.

दुरुस्ती: ऑफिसात बसणाऱ्या मित्रांसाठी

आपले कितीतरी वाचक पंचायतीत, पालिकेत, शाळेत, पतसंस्थेत हे तक्ते स्वतः तयार करतात. त्यांच्यासाठी हा भाग. बाकीच्यांनीही वाचा, म्हणजे विचारता येईल.

१) एकक एकदाच, पण ठळक. रकान्याच्या डोक्यावर ‘रुपये लाखात’ असं लिहा आणि पूर्ण तक्ता त्याच एककात ठेवा. एका ओळीत लाख, दुसरीत कोटी करू नका. समजा पाणीपुरवठ्याचा खर्च ३,४७,५०,००० आहे. तो ‘३४७.५ लाख’ किंवा ‘३.४७५ कोटी’ दोन्ही बरोबर. पण एका तक्त्यात दोन्ही आले की माणूस ३४७ मोठे आणि ३ छोटे समजतो.

२) लाखात दाखवायचं तर भागाकार करा. एक्सेलच्या आकड्याच्या साच्यात शेवटी स्वल्पविराम दिला की आकडा हजाराने भागून दिसतो, दोन दिले की दहा लाखाने. लाखाची किंवा कोटीची सोय त्या स्वल्पविरामात नाही. त्यामुळे सरळ वेगळा रकाना करून १,००,००० ने भागा आणि लेबलं त्या रकान्यावरून घ्या.

३) स्वल्पविराम आपला. सोपा मार्ग म्हणजे विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये अंकांचे गट भारतीय पद्धतीचे निवडा, एक्सेल ते उचलतं. पण ती फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गेली की तिथलं सेटिंग लागू होतं. फाइलमध्येच पक्कं करायचं तर कस्टम साच्यात दोन अटी घाला: कोटी किंवा वर असेल तर एक रूप, लाख किंवा वर असेल तर दुसरं, बाकीच्यांना तिसरं. यात एक मेख आहे. एका साच्यात अटी दोनच बसतात, त्यामुळे उणे आकडे तिसऱ्या रूपात जातात आणि त्यांचा स्वल्पविराम पुन्हा परदेशी होतो. तूट दाखवणाऱ्या रकान्याला म्हणून वेगळा साचा द्या.

४) शून्यं लपवा, पण प्रामाणिकपणे. साच्यात अर्धविरामांनी भाग पडतात: अधिक, उणे, शून्य. तिसरा भाग रिकामा ठेवला की बारवरची शून्यं दिसत नाहीत आणि गर्दी कमी होते. मात्र शेजारच्या तक्त्यात ‘०’ आणि ‘माहिती नाही’ हे वेगळं दिसलंच पाहिजे. दवाखान्याला शून्य रुपये दिले आणि दवाखान्याचा आकडा आला नाही, या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत.

५) तुकडा लहान, आकडा बाहेर. जिथे आकडा मावत नाही तिथे तो कोंबू नका, आणि पुसूनही टाकू नका. बारवर फक्त मोठ्या तुकड्यांचे आकडे ठेवा आणि सगळे आकडे शेजारच्या रकान्यांत द्या. तक्ता त्यासाठीच आहे.

६) बेरीज लिहा. रचलेल्या बारच्या टोकाला एकूण आकडा एक्सेल आपणहून देत नाही. एकूणची एक जादा मालिका घाला, तिचा रंग काढून टाका, फक्त लेबल ठेवा आणि ते बारच्या टोकाशी आणा. बेरीज नसलेला बार म्हणजे सही नसलेली पावती.

७) टक्के आणि रुपये यांची सरमिसळ नको. शंभर टक्क्यांच्या रचलेल्या बारमध्ये लेबल चालू केलं की एक्सेल टक्के दाखवत नाही, मूळ रक्कमच दाखवतं. सगळे बार सारख्या लांबीचे आणि वर रुपयांचे आकडे, मग छोट्या खात्याचा बार मोठ्या खात्याएवढा दिसतो. टक्के हवे असतील तर वेगळ्या रकान्यात काढा आणि लेबल त्या घरांवरून घ्या. ही सोय २०१३ च्या एक्सेलपासून आहे.

८) पूर्णांकाची बेरीज तपासा. ४५.५, २६.५ आणि २८ ची बेरीज १०० होते. पूर्णांकात केले की ४६, २७ आणि २८, म्हणजे १०१. तीन सारखे वाटे ३३-३३-३३ लिहिले तर ९९. यात लबाडी नसते, पण तळटीप नसेल तर सभेत कोणीतरी उठतोच, “एक टक्का गेला कुठे?” मग अर्धा तास त्यातच जातो आणि खरे प्रश्न राहून जातात. एक दशांश ठेवा किंवा ‘पूर्णांकामुळे बेरजेत फरक’ एवढं लिहा.

९) रंग बघून अक्षर. पिवळ्यावर पांढरा आकडा प्रोजेक्टरवर दिसत नाही, झेरॉक्समध्ये तर नाहीच. आणि आपल्याकडे शेवटी सगळं झेरॉक्सवरच फिरतं.

आणि आपण, वाचणाऱ्यांनी?

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की सार्वजनिक संस्थांनी काही माहिती कोणी मागायच्या आधीच प्रसिद्ध करायची. त्यात प्रत्येक यंत्रणेचा अर्थसंकल्प, नियोजित खर्च आणि वाटप झालेली रक्कम येते. म्हणजे हे तक्ते आपल्यावर उपकार म्हणून छापलेले नसतात. आणि छापलं पण वाचताच येत नाही, तर ते अर्धंच काम झालं.

म्हणून पुढच्या सभेत रंगीत पान हातात आलं की चार प्रश्न विचारा. एकक काय? या बारची एकूण बेरीज किती? ज्या तुकड्यावर आकडा नाही त्याची रक्कम कुठे लिहिली आहे? आणि ‘इतर’ मध्ये काय काय आहे? आवाज चढवायची गरज नाही. तक्ता तयार करणारा कर्मचारी बहुतेक वेळा आपल्यासारखाच असतो, त्याला सॉफ्टवेअरने जे दिलं ते त्याने छापलेलं असतं. त्याला दोष देण्यापेक्षा वरची यादी त्याच्या हातात द्या. मी काही ठिकाणी दिली आहे, आणि बहुतेकांना दुरुस्ती आवडते, कारण सभेत उलटसुलट प्रश्न त्यांनाच झेलावे लागतात.

गणेश व्यंकटेश जोशी सोलापुरात बसून कलकत्त्याच्या सरकारचे रकाने वाचत होते. त्यांच्याकडे छापील जाडजूड खंड होते आणि चिकाटी होती. आपल्याकडे फोनवर पीडीएफ आहे, झूम करायची सोय आहे, आणि आकडे आपल्याच गल्लीतल्या नळाचे आहेत. मग ते वाचायला काय हरकत आहे?

तुमच्या गावच्या किंवा वॉर्डच्या अर्थसंकल्पातलं असं एखादं पान असेल, ज्यावर एकक नाही किंवा आकडे एकमेकांवर चढलेत, तर त्याचा फोटो खाली टाका. कोणाचं नाव घेऊन टिंगल नको. आपण इथेच सगळे मिळून ते पान नीट मांडू, आणि दुरुस्त केलेली प्रत ज्यांनी छापलं त्यांनाच नेऊन देऊ.